जोडीचा हिवाळा

स्की म्हणजे उतारावरून घसरण्याचे साधन, ही सर्वसाधारण समजूत. स्की-माउंटेनियरिंगमध्ये त्याच स्कीवरून आधी डोंगर चढावा लागतो. वर नेणारा पाळणा नसतो, खुर्चीची लिफ्ट नसते, यंत्राने दाबून गुळगुळीत केलेली वाटही नसते. बऱ्यापैकी सराव असलेला माणूस तासाला ३०० ते ४०० मीटर उंची गाठतो. म्हणजे १२०० मीटरच्या डोंगरावर पोहोचायला तीन-चार तास लागतात, आणि तोच डोंगर उतरताना अर्ध्या तासात संपतो. या खेळात दिवस जातो तो चढण्यात. उतरणे हे त्याचे बक्षीस, आणि सगळ्यात मोठा धोकाही तिथेच.

युरोपात या भटकंतीला स्की टूरिंग म्हणतात, अमेरिकेत बॅककंट्री स्कीइंग. तिलाच घड्याळ लावले की तिची शर्यत होते आणि नाव पडते स्कीमो. भटकंती असो की शर्यत, या डोंगरात एकट्याने जाणे शहाणपणाचे मानत नाहीत. जुन्या मोठ्या शर्यतींत एकट्याला प्रवेशच नाही. दोघांचा किंवा तिघांचा संघ लागतो. नवरा-बायको, भाऊ-भाऊ, जुने मित्र अशा जोड्या नोव्हेंबरपासून मेपर्यंत एकत्र चढतात, एकत्र उतरतात आणि अधूनमधून छातीवर क्रमांक लावून धावतात. अशा हिवाळ्यात काय काय येते हे पाहायचे, तर सुरुवात स्कीच्या तळापासून करायला हवी.

मखमलीवरून एका दिशेने हात फिरवला तर तो सरकतो, उलट दिशेने फिरवला तर अडतो. चढण्याचे सगळे रहस्य एवढेच आहे. स्कीच्या तळाला अशाच लवेची एक लांब पट्टी चिकटवतात. पुढे ढकलली की स्की सरकते, मागे घसरू लागली की लव उभी राहून हिमात रुतते. पूर्वी या पट्ट्या सीलच्या कातड्याच्या असत, म्हणून आजही त्यांना ‘स्किन’च म्हणतात. आता त्या अंगोरा बकरीच्या केसांच्या, म्हणजे मोहेरच्या, किंवा नायलॉनच्या, किंवा दोन्हींच्या मिश्रणाच्या असतात. मोहेर चांगला सरकतो, नायलॉन जास्त टिकतो. शर्यतीतले लोक सरकण्याला महत्त्व देतात, सहलीतले टिकण्याला. पट्टीच्या मागचा गोंद वारंवार चिकटवता-काढता येतो, पण ओला होऊन गारठला की दगा देतो. त्यामुळे माथ्यावर काढलेल्या स्किन अंगाच्या उबेत, जाकिटाच्या आत ठेवायची पद्धत आहे.

दुसरी गोष्ट बाइंडिंगची, म्हणजे बूट स्कीला जोडणाऱ्या खोबणीची. चढताना टाच उचलता आली पाहिजे, उतरताना ती घट्ट बसली पाहिजे. या दोन परस्परविरोधी गरजा भागवणारी जुनी बाइंडिंगे लोखंडी आणि जड होती. ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्टेल यांनी १९८४मध्ये त्यावर उत्तर शोधले. बुटाच्या पुढच्या टोकाला दोन बाजूंना दोन खळगे आणि बाइंडिंगला त्यात बसणाऱ्या दोन टोकदार खुंट्या. बिजागरीवर दार फिरावे तसे पाऊल त्यांच्यावर फिरते. टाचेकडे दोन दांड्या असतात. उतरायची वेळ आली की बुटाची टाच त्यांच्यावर दाबून बसवायची. डायनाफिट कंपनीने ही रचना बाजारात आणली, आणि आज जगातली बहुतेक टूरिंग बाइंडिंगे याच तत्त्वावर बनतात. पायात वाहून न्यायचे वजन यामुळे इतके घटले की तेच डोंगर निम्म्या थकव्यात होऊ लागले. मग साधने हलकी करण्याची चढाओढ लागली आणि शेवटी नियमाने मर्यादा घालावी लागली. आंतरराष्ट्रीय शर्यतीत बाइंडिंगसह एका स्कीचे वजन पुरुषांसाठी किमान ७५० ग्रॅम आणि स्त्रियांसाठी ७०० ग्रॅम असावे लागते. लांबी अनुक्रमे किमान १६० आणि १५० सेंटिमीटर.

हा खेळ जोडीचा आहे याची एक जुनी खूण नॉर्वेच्या इतिहासात आहे. १२०६च्या हिवाळ्यात यादवी चालू असताना बिर्केबाइनर पक्षाच्या दोन स्कीवीरांनी दोन वर्षांचाही नसलेल्या हाकोन या राजपुत्राला वादळातून डोंगरापार सुखरूप नेले. पुढे तो राजा झाला. क्नूद बेर्ग्सलीन यांनी १८६९मध्ये रंगवलेले त्या दोघांचे आणि बाळाचे चित्र नॉर्वेत घराघरांत ओळखीचे आहे. १९३२पासून त्या प्रवासाच्या स्मरणार्थ रेना ते लिलेहामर अशी शर्यत होते आणि प्रत्येक स्पर्धक पाठीवर साडेतीन किलोंची पिशवी घेऊन धावतो. हे वजन त्या बाळाचे.

आल्प्स पर्वतात स्की उशिरा पोहोचली. फ्रित्योफ नान्सेन यांनी १८८८मध्ये पाच साथीदारांसह स्कीवरून ग्रीनलँड ओलांडले. त्या प्रवासाचे त्यांचे पुस्तक वाचून मध्य युरोपातल्या गिर्यारोहकांनी स्की मागवल्या. १८९७मध्ये विल्हेल्म पाउल्के आणि त्यांच्या साथीदारांनी स्वित्झर्लंडच्या बर्नीज ओबरलँडमधल्या हिमनद्या स्कीवरून पार केल्या. १९११मध्ये शामोनी ते झेरमाट ही उंच वाट स्कीवरून झाली. ‘हॉट रूट’ या नावाने ती आज जगभरच्या स्की-भटक्यांना माहीत आहे.

शर्यत मात्र सैन्यातून आली. डोंगरी सीमा राखणाऱ्या देशांना स्कीवरून गस्त घालणारे जवान हवे होते. १९२४च्या शामोनी हिवाळी ऑलिंपिकमध्ये चार जणांच्या लष्करी गस्तीची स्पर्धा होती; स्वित्झर्लंडने ती जिंकली. इटलीत १९३३पासून मेत्सालामा करंडक सुरू झाला. १९३१मध्ये हिमस्खलनात गेलेल्या ओत्तोरिनो मेत्सालामा या स्की-गिर्यारोहकाचे नाव त्याला दिले आहे. मॉन्ते रोझाच्या हिमनद्यांवरून, ४२२८ मीटर उंचीच्या कास्तोर शिखरावरून जाणारी ही तिघांची शर्यत. दुसऱ्या महायुद्धात १९४३मध्ये स्विस सैन्याने झेरमाट ते वेर्बिये अशी ‘पात्रुई दे ग्लासिये’, म्हणजे हिमनद्यांवरची गस्त, स्पर्धेच्या रूपाने घेतली. १९४९मध्ये तिघांचा एक संघ हिमनदीच्या भेगेत पडून मेला आणि सरकारने शर्यत बंद केली. ती पुन्हा सुरू व्हायला १९८४ उजाडावे लागले. आज ती दर दोन वर्षांनी होते. अंतर सुमारे ५७ किलोमीटर, एकूण चढ सुमारे ४४०० मीटर.

हिमनदी ही सतत सरकणारी बर्फाची जाड लादी. वळणावर आणि उतारावर तिला दहा-वीस मीटर खोल चिरा पडतात. त्यांच्यावर हिवाळ्यात ताज्या हिमाचे पातळ छत तयार होते आणि चीर दिसेनाशी होते. अशा जागी एकटा माणूस खाली गेला तर वरून कुणाला कळतही नाही. दोरीने बांधलेला साथीदार मागे असेल तर झटका त्याच्या कमरेला बसतो आणि तो जागच्या जागी बसून पडणाऱ्याला थोपवतो. संघाचा नियम आला तो या दोरीपोटी. खेळाडूवृत्ती वाढावी वगैरे विचार नंतरचे.

इथे भाषेची एक अडचण येते. मराठीत पाण्याच्या गोठलेल्या लादीलाही बर्फ म्हणतात आणि आकाशातून भुरभुरणाऱ्या कणांनाही बर्फच. स्कीवरच्या माणसाला हा फरक जिवाचा आहे. या मजकुरात पडणाऱ्या, साचणाऱ्या कणांना हिम म्हटले आहे.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पहिले हिम पडते तेव्हा हिवाळ्याचे भवितव्य ठरू लागते. थर पातळ असतो. खालची जमीन शून्य अंशाच्या आसपास उबदार, वरची हवा उणे पंधरा. या फरकामुळे खालच्या कणांची वाफ वर सरकते आणि तळाशी पोकळ, कोरडे, साखरेसारखे दाणे तयार होतात. ते एकमेकांना चिकटत नाहीत. मुठीत घेतले तर बोटांमधून गळतात. त्यांच्यावर जानेवारीत वादळ येऊन मीटरभर हिम टाकते, वारा ते कण फोडून डोंगराच्या आडोशाच्या बाजूला घट्ट थापतो, आणि भुसभुशीत पायावर जड लादी असे बांधकाम उभे राहते. स्कीवरचा एक माणूस त्या लादीवर गेला की खालचा थर कोसळतो. कधी कधी ‘वुंफ्’ असा दबका आवाज होऊन सपाटीवरच पायाखालचे हिम बसते. तो आवाज ऐकलेला जाणता माणूस तिथूनच परत फिरतो. उतार तीस ते पंचेचाळीस अंशांचा असेल तर लादी तुटून घसरते. स्कीने उतरायला सगळ्यात आनंदाचे उतारही नेमके याच कोनाचे असतात. ही या खेळातली मूळ अडचण आहे, आणि कोणतेही साधन ती सोडवू शकलेले नाही.

हिमस्खलनात सापडणाऱ्यांपैकी बहुतेकांवर कोसळणारी लादी त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या साथीदाराने मोकळी केलेली असते. युरोपात रोज धोक्याची पातळी जाहीर होते, एक ते पाच. स्वित्झर्लंडमध्ये ते काम दावोसची हिम आणि हिमस्खलन संशोधन संस्था करते. चार आणि पाच या पातळ्यांना माणसे घरी बसतात. जास्त बळी जातात ते तीनला. तीन म्हणजे मधला आकडा, असे वाटून लोक निघतात. या आकड्याचा अर्थ नवशिक्यांना समजावून सांगणे हे प्रशिक्षण वर्गातले सर्वांत महत्त्वाचे काम असायला हवे.

गाडला गेलेला माणूस वाचण्याची आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत असते. त्यानंतर ती झपाट्याने घसरते, कारण तोंडासमोर श्वासाच्या वाफेने बर्फाचे कवच धरते आणि प्राणवायू संपतो. बचाव पथकाचे हेलिकॉप्टर कितीही लवकर उडाले तरी एवढ्या वेळात पोहोचणे दुर्मीळ. म्हणून वाचवणारा माणूस आधीपासून तिथेच असावा लागतो. प्रत्येकाच्या छातीवर, कपड्यांच्या आत एक ट्रान्सीव्हर असतो. तो ४५७ किलोहर्ट्झवर सतत संकेत पाठवत राहतो. अपघात झाला की वाचलेला माणूस आपला ट्रान्सीव्हर शोधण्याच्या कळीवर नेतो आणि पडद्यावरच्या बाणाने व आकड्यांनी गाडलेल्याच्या जवळ जातो. मग घडीची लांब सळई हिमात खुपसत मऊ स्पर्श शोधायचा, सळई तिथेच ठेवायची आणि उताराच्या खालच्या बाजूने फावड्याने आडवे खणत जायचे. एक मीटर खोलीवरच्या माणसापर्यंत पोहोचायला टनभर हिम उपसावे लागते, आणि घसरून थांबलेले हिम सिमेंटसारखे घट्ट झालेले असते.

या सगळ्याचा अर्थ इतकाच की दोघांपैकी प्रत्येक जण दुसऱ्याचे बचाव पथक असतो. म्हणून डिसेंबरात, अजून उंच जायला पुरेसे हिम नसताना, शहाण्या जोड्या मैदानात सराव करतात. एक जण पिशवीत ट्रान्सीव्हर घालून पुरतो, दुसरा घड्याळ लावून शोधतो. मग भूमिका बदलतात. जोडीतला एक जण नेहमी शोधण्यात तरबेज आणि दुसरा नेहमी नवखा राहिला, तर तरबेज गाडला गेला त्या दिवशी तयारी संपली. उतरतानाही दोघे एकाच वेळी उतारावर येत नाहीत. पहिला उतरून सुरक्षित जागी थांबतो, तोवर दुसरा वरून डोळे हटवत नाही. दोघेही लादीखाली गेले तर शोधणारा उरत नाही.

जोडप्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट अभ्यासातून पुढे आली आहे. इयन मॅकॅमन या अमेरिकी अभ्यासकाने तिथल्या ७१५ हिमस्खलन अपघातांची तपासणी केली, तेव्हा दिसले की बळी पडलेल्यांत प्रशिक्षित लोकही भरपूर होते आणि धोक्याची चिन्हे बहुधा डोळ्यांसमोर होती. चूक ज्ञानाची नव्हती, वागण्याची होती. ओळखीचा उतार आहे म्हणून, ठरवले आहे म्हणून, दुसऱ्यांच्या खुणा आहेत म्हणून, सोबतच्या माणसाला आवडावे म्हणून, किंवा ‘त्याला जास्त कळते’ म्हणून माणसे पुढे जातात. यातली शेवटची दोन कारणे जोडप्यात रोजची असतात. कमी अनुभवाचा जोडीदार मनातली शंका गिळतो, जास्त अनुभवाचा ती विचारत नाही. म्हणून अनेक जोड्या एक साधा करार पाळतात. दोघांपैकी कुणीही ‘परत फिरू’ म्हटले की फिरायचे, कारण विचारायचे नाही. नॉर्वेत हे राष्ट्रीय शिकवणीचा भाग आहे. १९६७च्या ईस्टरच्या सुटीत तिथल्या डोंगरांत अठरा जण मेल्यावर ‘डोंगरातले शहाणपण’ या नियमांचा देशभर प्रचार झाला; वेळेवर माघारी फिरण्यात लाज नाही, हा त्यातला नियम तिथे शाळकरी मुलांनाही पाठ असतो.

याच नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, रोम्सदालमध्ये, या खेळातले बहुधा सर्वांत परिचित जोडपे राहते. किलियन जोर्नेट कातालोनियाचे. वडील पिरिनीज पर्वतातल्या एका आश्रयकुटीची देखभाल करत, त्यामुळे किलियन सुमारे दोन हजार मीटर उंचीवर वाढले आणि स्की ही त्यांची चालण्याची पद्धत झाली. एमेली फोर्सबर्ग स्वीडनच्या. डोंगरी धावण्यात विश्वविजेत्या, आणि हिवाळ्यात स्कीमोच्या स्पर्धक. रोम्सदालमध्ये समुद्राच्या खाडीपासून थेट डोंगर उठतात. स्की लावायची ती जवळजवळ पाण्याच्या पातळीवर, आणि माथा दीड हजार मीटरवर. डिसेंबरच्या अखेरीस तिथे उजेड जेमतेम पाच तास टिकतो, म्हणून बरीचशी चढाई कपाळावरच्या दिव्यात होते. शर्यतीच्या खेळाडूला असा प्रदेश फार मानवतो, कारण त्याला हिवाळ्यात हवी असते ती उंची. किलोमीटर मोजतच नाहीत; आठवड्याला किती हजार मीटर चढलो, हाच हिशेब. फेब्रुवारी २०१९मध्ये मोल्दे शहराजवळच्या तुस्तेन इथल्या उतारावर किलियन यांनी चोवीस तासांत ५१ फेऱ्या मारून २३ हजार ४८६ मीटर चढाई केली. समुद्रसपाटीपासून एव्हरेस्टच्या माथ्यापर्यंत अडीच वेळा जाण्याहून ती जास्त भरते. दुसऱ्या बाजूला, २०१६च्या हिवाळ्यात एमेली यांच्या गुडघ्यातला लिगामेंट स्की शर्यतीत तुटला आणि मोसम तिथेच संपला. या खेळाच्या एकाच घरातल्या दोन बाजू आहेत या.

जानेवारी-फेब्रुवारी हा शर्यतींचा काळ. त्यांचे प्रकार बरेच आहेत आणि सगळ्यांची चव वेगळी. ‘व्हर्टिकल’मध्ये फक्त चढायचे. वैयक्तिक शर्यतीत तीन-चार चढ, तितकेच उतार, मध्ये कुठे स्की पाठीला अडकवून कड्यावर पायी चढणे. संघ-शर्यत दोघांची. ‘स्प्रिंट’ सर्वांत छोटी, साधारण तीन मिनिटांची आणि सत्तर मीटर चढाची. तरीही त्या तीन मिनिटांत सगळा खेळ येतो: स्किन लावून धावत चढ, दांड्यांमधून झपाझप नागमोडी वळणे, स्की पाठीला अडकवून पायऱ्यांवर धाव, पुन्हा स्की, माथ्यावर स्किन ओढून काढणे आणि उतार.

हे माथ्यावरचे रूपांतर पाहण्यासारखे असते. स्कीतून पाय न काढता स्पर्धक वाकून स्किनचे पुढचे टोक पकडतो, एका झटक्यात ती सोलतो, घडी करून पोशाखाच्या छातीवरच्या खिशात कोंबतो, बुटाचा खटका दाबून घोटा घट्ट करतो, टाच बसवतो आणि निघतो. हे सगळे काही सेकंदांत, थरथरत्या पायांनी, हृदय दोनशेच्या आसपास धडधडत असताना. खिशातून स्किन बाहेर पडली तर दंड. चढण्यात मिळवलेली आघाडी इथे हरलेले खेळाडू प्रत्येक शर्यतीत दिसतात. नवख्या जोड्या म्हणून हे काम दिवाणखान्यात, सतरंजीवर स्की ठेवून घोटतात.

जुलै २०२१मध्ये तोक्यो इथल्या बैठकीत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने हा खेळ मिलान-कोर्तिना २०२६च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी स्वीकारला. त्याआधी लोझानच्या २०२०च्या युवा हिवाळी ऑलिंपिकमध्ये तो होता; आशियाई हिवाळी स्पर्धांत २०२५मध्ये हार्बिनला आला. ऑलिंपिकसाठी बोर्मिओ गावातला स्तेल्विओ उतार आणि तीन स्पर्धा ठरल्या: पुरुषांची स्प्रिंट, स्त्रियांची स्प्रिंट आणि मिश्र रिले. दोघांचा डोंगर ऑलिंपिकमध्ये टिकला तो या रिलेत. एक स्त्री, एक पुरुष. आधी ती, मग तो, पुन्हा ती, पुन्हा तो. प्रत्येकाने फेरी संपवून जोडीदाराला स्पर्श करायचा. लांब डोंगरी शर्यती, हिमनद्या आणि दोरी हे सगळे कॅमेऱ्याच्या सोयीसाठी वगळले गेले, याची खंत या खेळातल्या जुन्या लोकांना आहे आणि ती योग्यच आहे. पण जगाच्या नजरेसमोर स्त्री-पुरुषांची बरोबरीची जोडी उभी करणारी ही रिले मोलाची वाटते.

भारतात हा खेळ गुलमर्गला रुजतो आहे. तिथली रोपवे अफरवाटच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३९५० मीटर उंचीवर, नेते आणि तिथून पुढे खुले डोंगर सुरू होतात. सैन्याची उंच प्रदेशातल्या युद्धकलेची शाळा १९४८पासून गुलमर्गला आहे, आणि तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत स्की-माउंटेनियरिंगचा समावेश आहे. हिमालयातल्या हिमस्खलनांचा अभ्यास संरक्षण संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ करतात. धोका मात्र तिथेही तोच. फेब्रुवारी २०२४मध्ये गुलमर्गच्या खुल्या उतारावर हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा जीव गेला. पाळण्याने वर नेले म्हणजे डोंगर सुरक्षित झाला, हा गैरसमज भारतीय पर्यटकांत फार आहे. रोपवेच्या खांबाच्या पलीकडे दहा पावलांवर बॅककंट्री सुरू होते.

मार्चमध्ये खेळ पुन्हा मोठ्या डोंगरात येतो. फ्रान्सच्या सावोई भागात, बोफोर चीजसाठी प्रसिद्ध असलेल्या खोऱ्यात, आरेश-बोफोर गावी ‘पिएरा मेन्ता’ ही चार दिवसांची शर्यत होते. १९८६पासून चालू असलेल्या या शर्यतीचे नाव जवळच्या २७१४ मीटर उंचीच्या सुळक्यावरून पडले. चार दिवसांत मिळून सुमारे दहा हजार मीटर चढ, अरुंद धारांवर पायी चाल, उभे उतार. आणि नियम एकच: दोघांचा संघ. दोघांनी तपासणी नाक्यांवर एकत्र असायला हवे आणि वेळ मोजली जाते ती दुसऱ्याने रेषा ओलांडली की. त्यामुळे संघाची गती म्हणजे थकलेल्याची गती. पुढच्याने कितीही जोर लावला तरी तो एकटा जिंकू शकत नाही.

यावर जोड्यांनी शोधलेला उपाय म्हणजे कमरेची लवचीक दोरी. ताज्या पायाचा जोडीदार पुढे राहतो, त्याच्या मागे ताणलेली दोरी दमलेल्याला चढावर ओढते. दोरीत ताण किती ठेवायचा ही कला आहे. जास्त ओढले तर मागच्याची लय तुटते आणि तो लवकर संपतो. कमी ओढले तर दोरी नुसती लोंबते. पहिल्या दिवशी ओढणारा तिसऱ्या दिवशी ओढला जातो, असेही पुष्कळदा होते, आणि तेव्हा दोरी मागून घ्यायला मन तयार असावे लागते. अनेक शर्यतींत स्त्री-पुरुष जोड्यांचा वेगळा गट असतो. त्यात नेहमी पुरुषच पुढे असतो असेही नाही. लांबच्या चढावर, तिसऱ्या-चौथ्या तासाला, खाणे-पिणे आणि वेग सांभाळून चालणारी स्त्रीच दोरीचे पुढचे टोक घेते, हे दृश्य काही नवे नाही. तिसऱ्या दिवशी शर्यत २६८६ मीटरच्या ग्राँ मोंवरून जाते. त्या दिवशी हजारो प्रेक्षक पहाटेपासून स्वतः स्कीने चढून धारेवर गर्दी करतात आणि गायीच्या गळ्यातल्या घंटा वाजवत स्पर्धकांना वर खेचतात. खेळाचा प्रेक्षकही डोंगर चढून येतो, ही या शर्यतीची खरी श्रीमंती.

एप्रिलपासून वेळापत्रक उलटे होते. दिवसा उन्हाने हिम वितळते, रात्री गोठते. पहाटे पृष्ठभाग काचेसारखा कडक असतो, म्हणून तीन-चार वाजता बुटांना खिळ्यांच्या पट्ट्या लावून निघायचे, सूर्य उतारावर आला की माथ्यावर पोहोचायचे आणि वरचा एक-दोन सेंटिमीटरचा थर मऊ होईल तेवढ्यात उतरायचे. त्या वेळी स्कीखाली साबुदाण्यासारखे गोल, ओले दाणे असतात आणि स्की जणू आपोआप वळते. ही वेळ तासाभराची. उशीर झाला तर गुडघाभर चिखलासारखे हिम, आणि त्याच उतारावरून ओली हिमस्खलने. माथ्यावर उशिरा पोहोचलेल्या जोडीने न उतरता सावलीची दुसरी बाजू शोधणे, हीच शिस्त.

धारेवर आणखी एक जागा फसवी असते. वाऱ्याने हिम धारेपलीकडे छज्ज्यासारखे वाढते. वरून पाहणाऱ्याला ती पक्की जमीन वाटते. स्तेफान ब्रॉस हे फ्रान्सचे मोठे स्कीमो खेळाडू, पिएरा मेन्ताचे अनेकदा विजेते आणि किलियन यांचे लहानपणापासूनचे आदर्श. १७ जून २०१२ रोजी दोघे स्कीने मॉन्ट ब्लांक पर्वतरांग ओलांडत असताना, एग्वी दार्जांतियेर शिखराजवळ छज्जा तुटला आणि ब्रॉस किलियन यांच्या डोळ्यांसमोर खाली गेले. धारेपासून पुरेसे अंतर ठेवले आहे असेच दोघांना वाटत होते. त्या दोघांपेक्षा जास्त जाणते लोक त्या काळात मोजकेच होते.

मेमध्ये खालचे हिम मागे हटते. स्की पाठीवर घेऊन जंगलातून तासभर चालल्यावर पहिला पांढरा पट्टा लागतो, आणि रोज तो थोडा वर गेलेला असतो. शर्यतीच्या हलक्या स्की केव्हाच बाजूला पडलेल्या असतात. या दिवसांत रुंद, जड जोडी बरी. स्किन सावलीत वाळवून, गोंदावर जाळी लावून गुंडाळल्या जातात. ट्रान्सीव्हरमधल्या बॅटऱ्या काढून ठेवतात, नाहीतर पावसाळी महिन्यांत त्या गळून यंत्र खराब करतात. सळई आणि फावडे पुसून कोरडे करतात. रोम्सदालमध्ये एव्हाना रात्र जवळजवळ नाहीशी झालेली असते, आणि महिनाभरापूर्वी स्कीने चढलेल्या धारेवर दोघे धावण्याचे जोडे घालून निघालेले असतात.